विंच कुठे बसवायचा? बेळगावच्या जीपांचा जुना हिशोब



आपण इथे जुन्या गल्ल्या, नाटकं, शाळामास्तर यांच्या आठवणी लिहितो. आज विषय थोडा लोखंडी आहे, पण आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला परका वाटणार नाही. मी बी.कॉम. झालेला, आयुष्य बँकेत गेलं. पाना हातात धरला तो सायकलची चेन चढवण्यापुरताच. तरी नोकरीत जीपगाड्यांची कर्जं पुष्कळ बघितली, आणि गाडीवर पैसे देणाऱ्याला गाडी थोडीफार कळायला लागते.

निमित्त माझ्या पुतण्याचं. तो उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये आहे. त्याने जुनी महिंद्रा एमएम ५४० घेतली. सगळं नीट करून झाल्यावर मला विचारतो, “काका, विंच घ्यायचा ठरवलाय. पण बसवू कुठं? पुढं, मागं, का बंपरच्या आत?” हौस म्हणून विचारत असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याचे तीन-चार मित्र पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्टीत जातात. भीमगडच्या आतल्या काही वाड्यांना अजून धड रस्ता नाही. आमगावसारख्या गावातून आजारी माणसाला खांद्यावर वाहून आणल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. तिथे निघालेली जीपच राडीत रुतली, तर आजारी माणसाचा खोळंबा होणार. म्हणून मी त्याच्याबरोबर बसलो आणि हा विषय पहिल्यापासून उलगडत गेलो.

ज्यांना विंच माहीत नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात सांगतो. गाडीवर बसवलेला दोराचा रहाट म्हणजे विंच. दोराचं टोक झाडाला बांधायचं, रहाट फिरवायचा, की रुतलेली गाडी स्वतःला ओढून बाहेर काढते.

मी विंच पहिल्यांदा पाहिला तो डिसेंबर १९६१ मध्ये. तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. गोवा मुक्तीच्या आधी आपल्या बेळगावात लष्कराची केवढी जमवाजमव झाली होती, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन इथे येऊन थांबली होती. कॅम्पाच्या बाजूला ट्रकांच्या रांगा, आणि आम्ही पोरं दिवसभर त्या मोजत बसायचो. काही ट्रकांच्या नाकाडावर, बंपरच्या मागे, लोखंडी दोर गुंडाळलेलं मोठं रीळ होतं. एका पोराने शपथेवर सांगितलं की ते बोटीचं नांगर टाकायचं यंत्र आहे. पुढे हीच डिव्हिजन अनमोड घाटाने मोले, फोंड्याकडे उतरली. माघार घेताना पोर्तुगीजांनी बाणस्तारीचा पूल उडवला होता. घाट, ओढे आणि उडवलेले पूल अशा वाटेवर त्या रिळाचं काय काम असेल, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

त्या रिळाची घडण दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकन सैन्यासाठी डॉज कंपनीने पाऊण टनी गाडी केली, तिचे दोन प्रकार होते. डब्ल्यूसी-५१ बिनविंचची आणि डब्ल्यूसी-५२ विंचची. यातली गंमत अशी की विंचवाल्या गाडीची चासीच पुढे लांब केलेली होती. म्हणजे तयार गाडीला विंच डकवला असं नव्हतं. विंच बसणार म्हणून गाडीचा सांगाडा तसा केला होता. विंच फिरायचा इंजिनच्याच जोरावर. गिअरबॉक्सच्या बाजूने एक दांडा पुढे जायचा आणि वर्म गिअरमधून ड्रम फिरवायचा. आपले ट्रॅक्टरवाले ज्याला पीटीओ म्हणतात, तेच हे. दांड्यात एक मुद्दाम कमजोर ठेवलेली पिन असायची, शिअर पिन. ताण हाताबाहेर गेला की आधी ती तुटायची; दोर आणि चासी वाचायची. मोठ्या जीएमसी ट्रकांवर १०,००० पौंडी विंच असायचे, त्यांचीही रचना अशीच.

युद्धानंतर इंग्लंडात १९४८ साली लँड रोव्हर निघाली. तिला कॅप्स्टन विंच मिळायचा. बंपरच्या मधोमध एक उभा लोखंडी खुंट, आणि तो इंजिनच्या पुढच्या टोकावरून फिरायचा. त्याच्यावर दोराचे तीन-चार वेढे घ्यायचे आणि मोकळं टोक हाताने ताणून धरायचं. हात सैल केला की ओढ थांबली. बंदरात जहाज बांधताना बघितलं असेल तर हे लगेच ध्यानात येईल. इथेही खुंटाची जागा कारखान्याने ठरवलेली. मालकाला “कुठे बसवू?” असा प्रश्नच पडत नव्हता.

आपल्याकडे जीप आल्या त्या आधी डिस्पोजलच्या, म्हणजे युद्धात उरलेल्या. मग १९४७ मध्ये महिंद्राने विलीज कंपनीकडून ७५ गाड्यांचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी सुरू केली. ही जीप हलकी होती, मूळची विलीज सुमारे ११०० किलोची. बहुतेकांच्या जीपला विंच नव्हताच. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे गाडी रुतली तर उपाय ठरलेले: चाकाखाली फांद्या आणि गोणपाट घालायचं, दहा माणसांनी ‘हेऽऽस’ करून रेटायची, नाहीतर जवळच्या शेतातून बैलजोडी आणायची. बैलजोडीचा विंच कुठे बसवायचा हा वाद कधी झाला नाही, जू ठरलेलं असतं!

जुलै १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि छोट्या वाहनवाल्यांना कर्ज मिळू लागलं. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत जीपसाठी अर्ज येत. कुणी काजूबी वाहणारा, कुणी लाकूडवाल्यांचा मुकादम, कुणी वडाप करणारा. असाच एकजण एकदा जोंगा गाडीचा अर्ज घेऊन आला. जोंगा म्हणजे निसान पेट्रोलच्या धर्तीवर जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ पासून बनणारी गाडी, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन असलेली. (जबलपूरची मराठी मंडळी इथे असतील तर त्यांनी या कारखान्याबद्दल जरूर लिहावं.) लष्कराच्या लिलावात अशा गाड्या निघत. या गाडीला पुढे पीटीओचा विंच होता आणि विकणाऱ्याने त्याचे पैसे किमतीत धरले होते.

कागद वरच्या ऑफिसात गेले आणि शेरा आला: “विंच हा वाहनाचा भाग आहे की ॲक्सेसरी? ॲक्सेसरी असल्यास तारणमूल्यातून वगळावा.” प्रश्न रास्त होता. हायपोथिकेशनवर दिलेल्या गाडीचा एखादा भाग रात्रीत काढून विकता येत असेल, तर ते तारण कसलं? मी शहरातल्या एका जुन्या मिस्त्रीला घेऊन गाडीपाशी गेलो. त्याने खाली वाकून बघितलं, दांडा दाखवला, चासीचे बोल्ट दाखवले आणि म्हणाला, “सायेब, हे काढायचं म्हंजे आतनं गाडीचं आतडंच वडून काढायचं. ह्यो लावल्याला न्हाई, ह्यो उगवल्याला हाय.” मी तेच जरा साहेबी भाषेत लिहून पाठवलं. कर्ज मंजूर झालं आणि वेळेवर फिटलंही.

मिस्त्रीचा तो ‘लावलेला’ आणि ‘उगवलेला’ हा भेद माझ्या डोक्यात राहिला. पुढे जे बदललं ते नेमकं हेच.

अमेरिकेत वॉर्न नावाची कंपनी आहे. १९४८ मध्ये युद्धातून उरलेल्या जीपा रस्त्यावर नीट चालाव्यात म्हणून पुढच्या चाकांचे लॉकिंग हब बनवण्यापासून तिची सुरुवात झाली. याच कंपनीने १९५९ मध्ये हौशी गाड्यांसाठी विजेवर चालणारा विंच आणला. १९७४ मध्ये तिचा ८२७४ हा विंच आला, ८००० पौंड ताकदीचा, आणि तो जगभर प्रसिद्ध झाला. विजेच्या विंचला दांडा नको, गिअरबॉक्सला भोक नको. बॅटरीपासून दोन जाड केबली आणल्या की झालं. इंजिन बंद पडलं तरी बॅटरीत जीव असेपर्यंत तो ओढतो. पीटीओच्या विंचला ते जमत नाही. उलट पीटीओवाला दिवसभर न तापता ओढेल, तर विजेचा विंच पूर्ण ताणावर ४०० अँपिअरच्या घरात करंट खातो, त्याला मध्येमध्ये विश्रांती द्यावीच लागते.

पण मोठा फरक निराळाच. वीज आल्यावर विंच गाडीपासून सुटा झाला. खोक्यात मिळू लागला. बसवण्याच्या बोल्टांचं मापसुद्धा ठरून गेलं: मधल्या ताकदीच्या बहुतेक विंचना १० इंच बाय साडेचार इंचावर चार भोकं. कुणीही घ्यावा, कुठेही बसवावा. डॉजच्या इंजिनिअरने चासी लांब करून जो प्रश्न सोडवला होता, तो आता मालकाच्या आणि गल्लीतल्या वेल्डरच्या गळ्यात पडला. स्वातंत्र्य मिळालं, त्याबरोबर जबाबदारीही आली.

आपल्या भागात हे विंच गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दिसू लागले. २०१४ पासून गोव्यात भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा सुरू झाली आणि तरुण पोरांना वेडच लागलं. त्याच सुमारास कुळ्याच्या बाजूला मी स्वतः एक प्रकार बघितला. एका देखण्या गाडीला चकाचक लोखंडी बंपर, त्यात नवा विंच. गाडी ओढ्यात बसली, दोर झाडाला लावला, बटण दाबलं. विंच उत्तम चालला. गाडी जागची हलली नाही. बंपर मात्र विंचसकट सुटून झाडाच्या दिशेने गेला. दोरावर कुणीतरी जाड गोणपाट टाकलं होतं आणि माणसं लांब उभी होती, म्हणून कुणाला लागलं नाही. बंपर शोभेचा होता. पातळ पत्र्याच्या दोन कानांवर लटकवलेला, चासीशी त्याचा संबंध नावापुरता.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर कर्जदार सक्षम होता, जामीनदार पोकळ निघाला. विंच ४ टन ओढतो असं पेटीवर लिहिलेलं असतं. ते ४ टन शेवटी पेलायचे कुणी? दोर, ड्रम, बोल्ट, प्लेट आणि शेवटी चासी, अशी ही जामीनदारांची साखळी आहे. वसुली नेहमी सर्वात दुबळ्या जामीनदाराशी येऊन अडकते.

आता पुतण्याचा प्रश्न. आम्ही चारही पर्याय कागदावर मांडले, मी ताळेबंद मांडावा तसे.

पहिला पर्याय बंपरच्या आत, लपवून. दिसायला सुबक, चोरांच्या नजरेत येत नाही. पण ड्रमवर दोर नीट गुंडाळतोय की एका बाजूला ढीग होतोय हे दिसत नाही. क्लचची मूठ चिखलात हात घालून शोधावी लागते. अंधारात, पावसात, आत आजारी माणूस असताना हा खेळ नको.

दुसरा पर्याय सुटा पाळणा. मागेपुढे चौकोनी नळीचे सॉकेट करायचे आणि विंच गरजेप्रमाणे त्यात खोचायचा. कल्पना छान. पण लोखंडी दोरासकट विंचचं वजन ४० किलोच्या आसपास, वर पाळण्याचं वेगळं. गुडघाभर राडीत ते उचलून खोचायला दोन धडधाकट माणसं पाहिजेत. शिवाय ओढ सरळ असेल तोवर ठीक. दोर तिरका गेला की ती एकटी नळी पिळवटते.

तिसरा पर्याय मागे. यात तथ्य आहे, कारण पुष्कळदा शहाणपण आल्या वाटेने परत फिरण्यातच असतं. पण बॅटरी पुढे, म्हणजे जाड केबल गाडीभर फिरवायची, तीही सायलेन्सर आणि दगडांपासून जपून. आणि चढावर अडकलेल्याला वरच ओढून घ्यायचं असेल तर मागचा विंच बिनकामाचा.

चौथा पर्याय पुढे, चासीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध. जुन्या जीपची ठेवण इथे उपयोगी पडते. एमएम ५४० च्या चासीच्या दोन्ही पट्ट्या जाळीच्या पुढे आलेल्या असतात, त्यांच्या टोकावर सरळ लोखंडी बंपर. ती जागा जणू विंचसाठीच ठेवलेली. पुतण्याने जाड प्लेट कापून ती दोन्ही पट्ट्यांना आतल्या बाजूने बोल्टांनी धरवली आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींना आडव्या पट्टीने बांधल्या. म्हणजे दोर तिरका ओढला तरी भार एकाच बाजूवर पडणार नाही.

उंचीवरून आमची थोडी वादावादी झाली. त्याला विंच प्लेटवर उंचवट्यावर हवा होता, दिसायला ऐटदार. मी म्हटलं, हिशोब कर. दोर चासीच्या रेषेपेक्षा १० सेंटिमीटर वर असेल आणि ओढ ३ टनांची, तर प्लेटला मुरडणारा जोर ३०० किलो-मीटर. म्हणजे मीटरभर लांब पहारीच्या टोकावर ३०० किलोचं पोतं टांगल्यासारखं. तेच विंच खाली घेऊन दोर चासीच्या रेषेत आणला, तर हा मुरड जवळपास नाहीसा होतो. दोर ड्रमच्या वरून नाही, खालून सुटायला हवा, तोही याच कारणाने. शिवाय बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो आणि तो एकाच दिशेने नीट धरतो. पुतण्याने गणित पुन्हा केलं, मान डोलावली आणि प्लेट खाली घेतली. रेडिएटरसमोरची हवाही मोकळी राहिली. प्युजोचं ते २११२ सीसीचं जुनं डिझेल इंजिन घाटात तापायला तसंही निमित्तच शोधत असतं.

ताकदीचंही ठरलं. माणसं-सामानासकट गाडी दोन टन धरली, तर विंच तिच्या दीडपट, म्हणजे किमान तीन टनांचा. त्याने ९५०० पौंडी घेतला, सुमारे ४३०० किलोचा. जास्त का, तर पेटीवरचा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. वरच्या थरांवर ओढ कमी होत जाते, तिसऱ्या हिश्श्याने किंवा जास्तही. सोबत एक कप्पी घेतली. दोर कप्पीतून फिरवून परत गाडीला बांधला की वेग निम्मा आणि ओढ दुप्पट, आपल्या विहिरीवरच्या माणसांना हे शिकवायला नको. मात्र परत आलेलं टोक विंचच्या प्लेटला अडकवायचं नाही. त्यासाठी चासीला वेगळा हुक केला. दोन हप्ते एकाच खात्यावर कशाला?

पुढचं वजन वाढलं म्हणून पुढच्या पाट्यांत एक पान वाढवलं. आणि शेवटी कागद. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बुलबार, क्रॅशगार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे. पादचाऱ्याला इजा होते, आणि नव्या गाड्यांत एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो, ही त्यामागची कारणं. ती खरीच आहेत. म्हणून मी सांगितलं, मूळ बंपरच्या पुढे काहीही काढू नकोस, आरटीओला आधी विचार, विमा पॉलिसीत विंच नोंदव. जुनी सवय, कागदाशिवाय मला झोप लागत नाही.

पहिल्या पावसात त्यांनी जांबोटीच्या पुढे एका ओढ्याकाठी मुद्दाम गाडी रुतवून बघितली. मी छत्री घेऊन लांब उभा होतो, दोरावर ओलं गोणपाट होतं. चासी कुरकुरली नाही, बोल्ट ढिले झाले नाहीत, जीप सावकाश वर आली. झाडाला दोराने काच पडू नये म्हणून रुंद पट्टा लावला होता. जंगल आपलंच आहे.

त्या जुन्या मिस्त्रीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. विजेचा विंच त्याच्या दृष्टीने ‘लावलेला’च. पण पट्ट्यांच्या मधे, रेषेत, आडवी पट्टी घालून बसवलेला हा विंच त्याने वाकून बघितला असता, तर ‘उगवलेला’ म्हणाला असता असं मला वाटतं. कारखान्याने जे काम सोडून दिलं ते आपल्या उद्यमबागेतल्या पोरांनी नीट केलं, याचा मला अभिमान आहे.

आता विनंती. १९६१ च्या डिसेंबरातले बेळगावचे फोटो, डिस्पोजलच्या जीपा, जोंगा किंवा गोव्यातल्या खाणींवरच्या जुन्या गाड्या यांच्या आठवणी कुणाकडे असतील तर खाली लिहा. आणि खानापूरच्या जंगलपट्टीतलं कुणी हे वाचत असेल, तर तुमच्याकडची कुठली वाट पावसात सर्वात आधी बंद होते, तेही कळवा. पोरं विचारत आहेत.